वर्ध्याचे तीन सांधे : रूळ, तार आणि स्विच

हे आपल्या ताज्या भागाचं लिखित रूप. एसटीत आवाज येत नसेल, हेडफोन घरी राहिला असेल, तर आज ऐकू नका, वाचा.

आजचा विषय एक डबा आहे. बँकेत, तहसीलमध्ये, दवाखान्यात, कॉलेजच्या ऑफिसात तुम्ही तो बघितलाय. भिंतीवर वर कुठेतरी टांगलेला असतो. त्यातून निळ्या-पिवळ्या वायरी निघालेल्या असतात आणि समोर हिरवे दिवे लुकलुकत असतात. बहुतेक जण त्याला ‘वायफायचा डबा’ म्हणतात. ते वायफाय नाही. तो नेटवर्क स्विच आहे. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे एकमेकांशी त्याच्यातून बोलतात. तो बंद पडला की काउंटरवर एकच वाक्य ऐकू येतं, ‘सिस्टीम डाऊन आहे.’

मी दिवसा वर्धा जिल्ह्यात याच डब्यांची कामं करतो आणि रात्री तुमच्यासाठी इतिहास वाचतो. या दोन्ही कामांतून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वर्ध्याचा इतिहास हा जोडण्यांचा इतिहास आहे. कोणाला कोणाशी जोडायचं, हे ठरवणारी एक जागा असते. रेल्वेवाले रुळांच्या अशा जागेला ‘सांधा’ म्हणतात. आज आपण वर्ध्याचे तीन सांधे बघू : रुळांचा, टेलिफोनचा आणि नेटवर्कचा. तिन्ही ठिकाणी मी एकच प्रश्न विचारणार आहे. सांधा बसवला कोणी, हे पाटीवर लिहिलेलं असतं. तो रोज सांभाळायचा कोणी?

पहिला सांधा : रूळ

वर्धा जिल्हा १८६२मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. सुरुवातीला मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६मध्ये ते पालकवाडीला आलं आणि तिथे आजचं वर्धा शहर आखलं गेलं. पुढच्याच वर्षी, १८६७मध्ये, मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. म्हणजे शहर आणि रेल्वे जवळपास एकाच वयाची भावंडं.

मग १८७०च्या दशकात इथून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याकडे एक फाटा निघाला. त्याचं नाव वर्धा कोल स्टेट रेल्वे. नावावरूनच कळतं की तिकडे कोळसा होता, आणि वाटेत हिंगणघाटचा कापूस होता. हाच फाटा पुढे वाढत बल्लारशाला गेला. १९२९मध्ये काझीपेठ-बल्लारशा जोड पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास सरळ रस्ता तयार झाला. मुंबई-हावडा आणि दिल्ली-मद्रास या दोन मोठ्या वाटा वर्ध्याच्या अंगणात एकमेकींना भेटल्या. आज इथे वर्धा आणि सेवाग्राम अशी दोन जंक्शनं शेजारी शेजारी आहेत, ती त्याचमुळे.

अशा ठिकाणी सगळा खेळ सांध्याचा असतो. गाडी कुठल्या रुळावर जाणार, हे इंजिन चालवणारा ठरवत नाही. सांधा ठरवतो. रुळाची सरकणारी जीभ शेजारच्या रुळाला घट्ट चिकटली पाहिजे. मध्ये साधा खडा अडकला तरी गाडी घसरू शकते. म्हणून तिथे सांधेवाला असायचा. त्याने सांधा साफ करायचा, तेल घालायचं, हँडल ओढायचं, कुलूप लावायचं, पावसात कंदील घेऊन जाऊन बघायचं. आणि त्याचं नाव ड्यूटीच्या कागदावर असायचं. हे शेवटचं वाक्य विसरू नका. रात्री अडीच वाजता काही बिघडलं तर कोणाला उठवायचं, हे स्टेशन मास्तरला माहीत असायचं.

पत्ता एक, गावं दोन

दुसऱ्या सांध्याकडे जायच्या आधी पत्त्याची एक गोष्ट. कारण जोडायचं तर आधी पत्ता बरोबर पाहिजे.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ला वर्ध्याजवळच्या एका खेड्यात राहायला आले. जमनालाल बजाज यांची तिथे जमीन होती. खेड्याचं नाव होतं सेगाव. आता गंमत बघा. याच मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर, बुलढाणा जिल्ह्यात, गजानन महाराजांचं शेगाव आहे. तेही रेल्वे स्टेशन आहे आणि खूप प्रसिद्ध आहे. इंग्रजीत लिहिताना सेगाव आणि शेगाव यांत एका अक्षराचा फरक. देशभरातून गांधीजींना येणारी टपाल शेगावला जाऊ लागली. शेवटी १९४०मध्ये गावाचंच नाव बदललं आणि सेगावचं सेवाग्राम झालं.

आपण ‘सेवाग्राम’ या नावातला विचार बघतो, आणि तो आहेच. पण त्यामागे टपालखात्याची एक शुद्ध तांत्रिक अडचण होती. एका जाळ्यात दोन ठिकाणांचा पत्ता सारखा झाला तर निरोप भलतीकडे जातो.

मंडळी, हीच भानगड मी आजही सोडवतो. ऑफिसात नवा प्रिंटर येतो. बसवणारा माणूस त्याला घाईत एक आयपी पत्ता देतो आणि नेमका तोच पत्ता लेखापालाच्या कॉम्प्युटरला असतो. मग दिवसभर कधी प्रिंट निघते, कधी निघत नाही. लेखापाल म्हणतात, ‘भाऊ, डबा खराब हाये, बदलून टाका.’ डबा बरोबर असतो. सेगाव-शेगाव झालेलं असतं.

या गोंधळावर देशपातळीवर उत्तर आलं १५ ऑगस्ट १९७२ला. ते म्हणजे पिनकोड. तो आखणारे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, एक मराठी अधिकारी आणि संस्कृतचे विद्वान. सारखी नावं, वेगवेगळ्या भाषा, वाईट अक्षर, या सगळ्यावर सहा आकडे. सेवाग्रामचा पिन ४४२१०२, शेगावचा ४४४२०३. आता गोंधळायला जागा नाही. तुमच्या फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये जो मॅक ॲड्रेस असतो, तोही तसाच. बारा अक्षरी क्रमांक. पहिला अर्धा भाग कंपनीचा, उरलेला त्या एका यंत्राचा. स्विच हाच क्रमांक वाचून निरोप पोचवतो.

दुसरा सांधा : टेलिफोन

सेवाग्राम आश्रमात गेलात तर बापूंच्या झोपडीइतकाच जुना टेलिफोनही लोक थांबून बघतात. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या काळात सरकारने तो तिथे बसवून दिला, गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून. जिथे वीज नाही, पक्का रस्ता नाही, साप पकडायचा पिंजरा घरात ठेवावा लागतो, अशा खेड्यात दिल्लीच्या सरकारने तार ओढली. कारण देशाचं राजकारण तिथे येऊन बसलं होतं. १४ जुलै १९४२ला काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी निघून जावं असा ठराव केला, तोही वर्ध्यातच.

या फोनला आज ‘हॉटलाइन’ म्हणतात. ते ऐकून आपल्या डोळ्यांपुढे सेवाग्राम ते दिल्ली एकच सलग तार येते. पण त्या काळी लांबचा कॉल म्हणजे तुकड्यांची जोडणी असायची. मधल्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर बसलेले असायचे. समोर भोकांची फळी, हातात दोरीसारखी वायर. कॉल आला की विचारायचं ‘नंबर प्लीज’, आणि वायरचं टोक बरोबर भोकात खुपसायचं. तो ऑपरेटर म्हणजे माणसाच्या रूपातला स्विच होता.

आणि जो जोडतो, तो ऐकूही शकतो. जोडायला उशीरही करू शकतो. चुकीच्या जागी जोडूही शकतो. अमेरिकेतल्या अल्मन स्ट्रोजरची गोष्ट यावरूनच सांगितली जाते. हा माणूस कॅन्सस सिटीत अंत्यसंस्काराचं सामान पुरवायचा. त्याला संशय होता की त्याच्या दुकानासाठी येणारे कॉल एक्स्चेंजमधली बाई स्पर्धकाकडे वळवते, कारण ती त्या स्पर्धकाची बायको आहे. गोष्ट किती खरी ते सोडा, पण स्ट्रोजरने केलेलं यंत्र खरं आहे. १८९१मध्ये त्याला ऑपरेटरशिवाय नंबर जोडणाऱ्या स्विचचं पेटंट मिळालं आणि १८९२मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्टला पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झालं. ‘स्विच’ या शब्दातली ताकद इथे कळते. जोडणाऱ्या माणसावर विश्वास उरला नाही म्हणून हे यंत्र जन्माला आलं.

आपल्याकडे मुंबईत १८८२मध्ये एक्स्चेंज सुरू झालं. भारतातलं पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४च्या सुमारास सिमल्याला आलं. तेव्हा उन्हाळ्यात सरकार तिथे राहायला जायचं ना! ऑपरेटर नको असलेल्यांमध्ये राज्यकर्ते पहिले होते. लहान गावांना मात्र ऑपरेटर पुढे कित्येक दशकं पुरला. तुमच्या आजोबांना विचारा. ट्रंक कॉल ‘बुक’ करावा लागायचा. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार होते, आणि पैसे त्या चढत्या क्रमाने. कॉल लावून घरात बसून राहायचं. १९६०मध्ये लखनौ-कानपूर मार्गावर पहिल्यांदा एसटीडी आलं, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट दुसऱ्या शहराचा नंबर फिरवता आला.

खेड्यांसाठी खरी कलाटणी मिळाली ती ऑगस्ट १९८४मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था निघाल्यावर. सॅम पित्रोदा हे नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांच्यासमोर अडचण अशी होती की परदेशी डिजिटल एक्स्चेंजला एसीची खोली लागायची. आपल्या खेड्यात वीजच चार तास, तर एसी कुठला? सी-डॉटच्या पोरांनी १२८ जोडण्यांचं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं, जे एसीशिवाय, धुळीत आणि उन्हात चालेल. १९८६मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला पहिलं बसलं. त्यातून पुढे गावोगाव पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ उभे राहिले.

मला या गोष्टीत पहिलेपणापेक्षा दुसरंच काही मोठं वाटतं. यंत्र बनवायच्या आधी ‘हे कुठे बसणार आणि कोण सांभाळणार’ हा प्रश्न विचारला गेला. उत्तर जसं आलं तसं यंत्र बनलं.

तिसरा सांधा : डबा

आता भिंतीवरच्या डब्याकडे येऊ. १९७३मध्ये झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. सुरुवातीला सगळे कॉम्प्युटर एकाच जाड केबलला लटकवलेले असायचे. एक बोलला की बाकी सगळ्यांना ऐकू जायचं. दोघं एकदम बोलले की टक्कर. मग दोघांनी थांबायचं, थोडं वेळ मागेपुढे करून पुन्हा बोलायचं. पुढे हब आला, पण स्वभाव तोच. एकाचा निरोप सगळ्यांच्या कानात. ग्रामसभेत एकदम पन्नास जण बोलतात, तसं.

१९९०मध्ये एका छोट्या अमेरिकन कंपनीने सात पोर्टचा इथरनेट स्विच बाजारात आणला. कंपनीचं नाव ऐका : कल्पना. संस्थापकांपैकी एक विनोद भारद्वाज, भारतीय वंशाचे, आणि त्यांनी बायकोचं नाव कंपनीला दिलं होतं. १९९४मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. आज जगातल्या ऑफिसांत जे स्विच लुकलुकतात, त्यांच्या खापरपणजीचं नाव कल्पना आहे.

हा डबा नेमकं काय करतो? तो आधी गप्प बसून ऐकतो. तीन नंबरच्या भोकातून एक निरोप आला, त्यावर पाठवणाऱ्याचा मॅक ॲड्रेस आहे. डबा वहीत लिहितो : ‘हा पत्ता तीन नंबरवर राहतो.’ असं करत त्याची वही भरते. मग तुम्ही प्रिंट दिली की तो निरोप फक्त प्रिंटरच्या भोकातून बाहेर काढतो, बाकीच्यांना त्रास नाही. पत्ता वहीत नसेल तर मात्र सगळीकडे हाक मारतो आणि कोण ओ देतं ते बघतो. आणि वहीतलं नाव कायमचं नसतं. बहुतेक स्विचमध्ये ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं, एखादं यंत्र गप्प राहिलं की त्याचं नाव खोडलं जातं. गावातल्या पोस्टमनला कसं माहीत असतं कोण कुठे राहतं, तसंच. फक्त हा पोस्टमन दर पाच मिनिटांनी विसरतो आणि पुन्हा शिकतो.

इथपर्यंत सगळं छान. पण या डब्याची एक मर्मजागा आहे, आणि ती मी एका शनिवारी फार जवळून बघितली.

एका शनिवारची गोष्ट

आमच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक पतसंस्था आहे. नाव सांगत नाही. कापसाचे पैसे खात्यात जमा व्हायचे दिवस होते. सकाळी अकरा वाजता फोन आला, ‘दादा, सगळंच बंद पडलं.’ मी पोचलो तेव्हा बाहेर तीस-चाळीस शेतकरी बसलेले. कोणाला खताच्या दुकानाची उधारी द्यायची, कोणाला नागपूरला दवाखान्यात जायचं. एक म्हातारे बाबा मला म्हणाले, ‘पैसे आले म्हून मेसेज त आला, मंग देऊन काऊन नाई राह्यले?’ त्यांचं बरोबर होतं. पैसे होते. पण काउंटर आणि पैसे यांच्यामधला सांधा बसला होता.

डब्याचे सगळे दिवे एकदम, वेड्यासारखे लुकलुकत होते. हे लक्षण ओळखीचं आहे. एक एक वायर काढत गेलो. चौदाव्या वायरचं दुसरं टोक कुठे जातं म्हणून बघितलं, तर ते त्याच स्विचच्या नवव्या भोकात परत आलेलं. आदल्या संध्याकाळी साफसफाई झाली होती. कोणाला तरी एक वायर लोंबकळताना दिसली आणि त्याने चांगुलपणाने ती रिकाम्या भोकात खोचून दिली.

याने काय होतं? स्विच सगळ्यांना हाक मारतो, ती हाक नऊमधून बाहेर पडून चौदामधून आत येते. स्विचला वाटतं नवी हाक आली, तो पुन्हा सगळ्यांना मारतो. इथरनेटच्या निरोपाला मरण नाही. ‘इतक्या वेळा फिरलास, आता बस’ असं सांगणारा आकडा त्याच्यावर नसतो. क्षणात हाकांचं वादळ होतं आणि खरा निरोप त्यात बुडतो.

यावरचं उत्तर १९८५मध्येच आलंय. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीतल्या रेडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्री नावाची युक्ती काढली. स्विच आपापसात बोलून कुठे गोल फेरा तयार झालाय ते शोधतात आणि एक वाट आपणहून बंद करतात. जाळ्याचं झाड करतात, कारण झाडाच्या फांद्या परत येऊन खोडाला मिळत नाहीत. मॅनेज्ड स्विचमध्ये, म्हणजे ज्याला बाहेरून सूचना देता येतात त्यात, ही सोय असते. स्वस्तातल्या साध्या डब्यात सहसा नसते. पतसंस्थेने स्वस्त डबा घेतला होता. पण माझ्या मते मूळ दुखणं वेगळं होतं. एकाही वायरवर चिठ्ठी नव्हती. आणि ‘हा डबा कोणाकडे आहे?’ असं विचारल्यावर व्यवस्थापक, कारकून आणि शिपाई, तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

रेल्वेच्या सांध्याला माणूस होता. एक्स्चेंजला ऑपरेटर होता. हा तिसरा सांधा आपोआप चालतो, म्हणून त्याचा माणूसच आपण रद्द करून टाकला. यंत्राने जोडायचं काम घेतलं हे खरं. सांभाळायचं काम त्याने कधीच घेतलं नव्हतं.

वर्ध्याच्या उन्हात डबा कसा जगवायचा

तुमच्यापैकी बरेच जण आयटीआय, पॉलिटेक्निकची पोरं-पोरी आहेत. म्हणून थोडं कामाचं बोलतो.

पहिला शत्रू ऊन. साध्या ऑफिस स्विचच्या खोक्यावर वाचा, बहुतेकांवर ४० अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात वर्ध्यात बाहेरच ४५ होतात. छताला टेकून, टिनाच्या खाली, बंद कपाटात डबा ठेवला तर आत किती होत असेल? म्हणून जागा निवडताना पश्चिमेची भिंत टाळा, खाली आणा, हवा खेळती ठेवा. जिथे हे शक्य नाही तिथे जास्त उष्णता सोसणारा औद्योगिक स्विच घ्या. सी-डॉटने चाळीस वर्षांपूर्वी जो प्रश्न विचारला, तोच आपण खरेदीच्या आधी विचारायचा.

दुसरा शत्रू वीज, दोन्ही अर्थांनी. लाइट जाते-येते, तिच्यासाठी यूपीएस आणि नीट अर्थिंग. आणि मृगाच्या सुमारास जी आकाशातून पडते, तिच्यासाठी एक नियम पाठ करा : एका इमारतीतून दुसरीकडे तांब्याची केबल नेऊ नका, फायबर न्या. फायबर काचेची असते, तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही. तांब्याची केबल तशीही १०० मीटरच्या पुढे न्यायची नसते.

तिसरा शत्रू धूळ, मुंग्या, पाली आणि उंदीर. रिकामी भोकं झाका. वायर आत येते ती फट बुजवा. पंख्याची जाळी महिन्यातून एकदा साफ करा.

चौथा शत्रू आपण स्वतः. नवा मॅनेज्ड स्विच कंपनीच्या पासवर्डसकट तसाच चालू करायचा नाही. आधी सांगितलं ना, जो जोडतो तो ऐकू शकतो. अशा स्विचमध्ये एका भोकाची सगळी वाहतूक दुसऱ्या भोकात कॉपी करायची सोय असते. ती दुरुस्तीसाठी आहे, पण पासवर्ड उघडा असेल तर जुन्या ऑपरेटरचा कान पुन्हा जिवंत होतो. कॅमेरे आणि हिशेबाचे कॉम्प्युटर एकाच स्विचवर असले तरी त्यांना व्हीलॅन करून वेगळं ठेवा, म्हणजे एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडं, मध्ये भिंत. सेटिंगची एक प्रत काढून ठेवा. डबा जळाला तर नव्यात तीच भरता येते.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय : चिठ्ठ्या आणि वही. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना नंबर. डब्याच्या बाजूला एक वही. कोणी, कधी, काय बदललं. पहिल्या पानावर एका माणसाचं नाव आणि फोन नंबर. पतसंस्थेत त्या शनिवारी शंभर रुपयांची वही असती, तर बाबांचे तीन तास वाचले असते.

पाच टक्के

आता शेवटचा मुद्दा, आणि तो पुन्हा इतिहासातला.

१९२९मध्ये गांधीजी साबरमतीला असताना अखिल भारतीय चरखा संघाने एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळचे एक लाख, बरं का! चांगला चरखा बनवणाऱ्याला. अटींमध्ये होतं की यंत्राची किंमत १५० रुपयांच्या आत हवी आणि वेळेवर देखभाल केली तर ते २० वर्षं चाललं पाहिजे. आणि एक अट अशी की देखभालीचा वर्षाचा खर्च यंत्राच्या किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. ते बक्षीस कोणालाच मिळालं नाही. चरख्याचे नाना प्रकार बघायचे असतील तर वर्ध्यातच १९३८मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय आहे.

मला त्या जाहिरातीतली ५ टक्क्यांची ओळ फार मोठी वाटते. यंत्र मागतानाच देखभालीचा आकडा लिहिलाय. आपण आज ऑफिससाठी वीस हजारांचा स्विच घेतो आणि वर्षाला त्याच्यासाठी हजार रुपये बाजूला ठेवायचे, हे कोणाच्या अंदाजपत्रकात नसतं.

मोठ्या पातळीवरही हेच झालं. ऑक्टोबर २०११मध्ये केंद्र सरकारने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली. पुढे तिला भारतनेट म्हणू लागले. आपल्या जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींच्या भिंतीवर ते डबे आहेत. गावात फिरताना मी बघतो. काही छान चालतात, तिथे एखादा मुलगा किंवा ऑपरेटर ताई रोज लक्ष देते. काहींच्या बॅटऱ्या गेल्यात, काहींची केबल रस्त्याच्या कामात तुटली आणि तशीच राहिली. ऑगस्ट २०२३मध्ये सुधारित भारतनेटला मंजुरी मिळाली, तिच्यात दोन गोष्टी ठळक आहेत. एक, फायबर सरळ रेषेत न नेता वर्तुळात न्यायची, म्हणजे एका ठिकाणी तुटली तर निरोप दुसऱ्या बाजूने येईल. दोन, दहा वर्षं चालवणं आणि देखभाल यांची तरतूद. बारा वर्षांनी कागदावर तीच गोष्ट आली, जी सांधेवाल्याच्या ड्यूटीच्या कागदावर दीडशे वर्षांपूर्वी होती.

म्हणून तुम्हाला एक छोटं काम देतो. या आठवड्यात तुमच्या ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा बँकेत जाल तेव्हा तो डबा शोधा. दिवे चालू आहेत का बघा. आणि नम्रपणे विचारा, ‘काका, हा कोणाकडे आहे?’ नाव मिळालं तर त्या माणसाला एक चहा पाजा. नाव मिळालं नाही तर पुढच्या ग्रामसभेत विचारा. रेशन, पीकविमा, पेन्शन, सातबारा हे सगळं आता त्याच डब्यातून येतं. तो कोणाचाच नसेल तर रांगेत उभं राहणाऱ्याची सकाळ वाया जाते, आणि ती रांग बहुतेक वेळा आपल्याच आजी-आजोबांची असते.

तुमच्या गावात असा एखादा सांधा सांभाळणारा माणूस असेल, जुना सांधेवाला, टेलिफोन ऑपरेटर, लाइनमन, तर त्याच्याशी बोला आणि त्याचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. आपला इतिहास त्यांच्याही हातून गेलाय. पुढचा भाग पुलगाव-आर्वी छोट्या गाडीवर, म्हणजे आपल्या शकुंतलेवर. तोपर्यंत ऐकत राहा, आणि वायरींना चिठ्ठ्या लावत राहा. नमस्कार!